आबांचं निशाण

"रिकामो कॅन कशाक गो?" आबांनी विचारलं.

मी लाँचच्या मधल्या फळीवर बसले होते. दहा महिन्यांची शरयू ओढणीचे वेढे देऊन पोटाशी बांधलेली, आणि मांडीला लागून गोडेतेलाचा प्लास्टिकचा मोठा कॅन, बूच घट्ट लावलेला.

"पाणी आहे त्यात. हिच्यासाठी."

आबांनी पायाच्या अंगठ्याने कॅन ढकलला. तो टुणकन उडून माझ्या पावलावर पडला.

"बरा हलका पाणी आसा," ते म्हणाले आणि इंजिनाकडे गेले.

मी कॅन पुन्हा जवळ ओढला. माझ्या सासऱ्यांना कळलं तर कळू दे. लाँचवरच्या हवा भरलेल्या ट्यूबा आदल्याच दिवशी लाँच विकत घेणाऱ्या केणीशेठचा माणूस घेऊन गेला होता. मला पोहता येत नव्हतं. कराडच्या मुलीला कुठून येणार? बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात पास झाले होते, पण त्याने काही कोणी तरंगत नाही. रिकामा, बंद कॅन मात्र तरंगतो, एवढं मला माहीत होतं.

आमच्या सुरंगवाडीच्या खाडीवर तीस-पस्तीस वर्षं सोनू तारींची लाँच चालली. सोनू तारी म्हणजे आबा. अलीकडून पलीकडे माणसं, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, एकदा तर अख्खं वऱ्हाड. मग पूल झाला. पुलावरून पहिली एस.टी. गेली त्या दिवशी लाँचवर तीन उतारू होते आणि त्यांतले दोन फुकटे. त्यानंतर लाँच धक्क्याला बांधलेली आणि आबा लाँचला बांधलेले, अशी दोघांची अवस्था होती.

विकायची गोष्ट मी काढली. माझ्या भावाचं कोल्हापुरात इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप होतं, दिगंबरला तिथे काम मिळणार होतं. दिगंबर म्हणजे माझा नवरा. त्याच्या हाताला इंजिनं कळत. पण आबा लाँच सोडायला तयार होईनात आणि आबांना सोडून दिगंबर निघेना. वरच्या अंगाला बेलधक्क्यावर केणीशेठनी रिसॉर्ट काढलं होतं. त्यांना ही लाँच लॉनवर ठेवायची होती.

"लॉनवर? आणि तिचा करतलास काय?" आबांनी त्यांना विचारलं होतं.

"ज्यूस सेंटर."

आबा तिथून उठून गेले होते. त्याच संध्याकाळी शेजारच्या गुणाकाकी कुंपणापाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "सांभाळ गो बाय. सोनू आज धक्क्यार सगळ्यांच्या समोर बोललो, लोकांच्या हातात देण्यापक्षा बोट खाडयेत घालीन म्हणान. आणि तो बोलता ता करता."

हे पावसाळ्याच्या तोंडाचं. सगळा पावसाळा आबांनी विक्रीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. आणि मग गणपती झाल्यावर एके दिवशी जेवता जेवता, भाताचा घास तसाच हातात ठेवून, ते दिगंबरला म्हणाले, "केणीक सांग, बोट देतंय."

दिगंबरला इतका आनंद झाला की त्याने 'का' विचारलंच नाही. मला मात्र तो 'का' सोडेना.

"एकच सांगणा आसा," आबा पुढे म्हणाले. "शेवटच्या फेरेक चेडू माझ्याबरोबर होया. चेडू आणि तेची आवस."

"मी पण येतो की."

"तू नको. तू मोटरसायकलीन पुढे जा. केणीबरोबर धक्क्यार रव."

दिगंबर नको आणि दहा महिन्यांची मुलगी अन् तिची आई हवी. का?

त्या रात्री मी दिगंबरला म्हटलं, "मला हे बरं वाटत नाही."

"तुला काय बरं वाटतं?" तो हसून म्हणाला. "म्हातारा आयुष्यभराची बोट देतोय. नातीला घेऊन एक फेरी मारली तर बिघडलं कुठे? आणि नाही म्हटलंस ना, तर उद्या परत फिरेल तो. मग बस इथेच पूल बघत."

तेच तर होतं. लाँच बेलधक्क्याला लागली तर आम्ही कोल्हापूरला जाणार होतो. नाही लागली तर नाही. आणि मला कोल्हापूरला जायचंच होतं. का, याचं खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं, दिगंबरलाही नाही. ते माझ्याजवळ होतं आणि मी ते जपून, झाकून ठेवलं होतं, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून झाकतात तसं.

आणि त्या झाकलेल्या गोष्टीच्या आसपास आबा घुटमळत होते. श्रावणापासून मी पाहत होते. मी विहिरीवर गेले की ते पाळण्याशी येऊन बसत. मी परत आले की उठून जात. एकदा ते पाळण्याच्या डोक्याच्या बाजूला, तिला दिसणार नाहीत असे, उकिडवे बसलेले मला दिसले. हात दोन्हीकडे फाकवलेले. मला पाहिल्यावर त्यांनी ते हात गुडघ्यांवर ठेवले. "डास," म्हणाले. माझं लक्ष नसताना स्वयंपाकघरात पितळी ताट पडायचं. आठवड्यात तीनदा पडलं. मी धावत यायची तर आबा ताट उचलत असायचे आणि माझ्याकडे न बघता शरयूकडे बघत असायचे. "हात कापतत," म्हणायचे. पण जाळं विणताना त्यांचे हात कापत नसत.

इंजिन धडधडून सुरू झालं. फळी थरथरायला लागली. शरयू माझ्या ओढणीचं टोक चोखत बसली होती ती तशीच राहिली.

धक्क्यावर निरोपाला चार-पाच माणसं होती. गुणाकाकी डोळे पुसत होत्या. त्यांतलाच एकजण ओरडला, "सोनू, निशाण खंय?"

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. लाँचच्या पुढच्या टोकावर एक वेताची काठी कायम असायची आणि तिला एक लाल फडकं. लाँच सुटायच्या आधी आबा भोंगा वाजवायचे आणि ती काठी उपसून डोक्यावर तीनदा हलवायचे, मग पुन्हा खोचायचे. नेम कधी चुकला नाही. देवीचं निशाण आहे, असं सगळे म्हणत. म्हाताऱ्या बायका त्याला हात जोडत, लग्न ठरलेल्या मुली त्याला हळदकुंकू लावत. फडकं विरलं की आबा नवं लावत, पण रंग तोच.

आज काठी जागेवर नव्हती. भोंगाही वाजला नाही.

"आज नाय," आबा एवढंच म्हणाले आणि त्यांनी दोर सोडला.

गुणाकाकींनी तोंडावर पदर धरला. मी शरयूभोवतीची गाठ चाचपून बघितली.

भरती चढत होती. दोन्ही काठांची कांदळवनं कमरेपर्यंत पाण्यात उभी होती. पुलाखालून गेलो तेव्हा वर एक ट्रक चालला होता. आबांनी मान वर केली नाही. सुकाणूच्या बैठकीखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. मी मघापासून मागे वळून वळून तिकडेच बघत होते. पहार? घण? लाँचच्या तळाशी थोडं पाणी साचलेलं दिसत होतं. ते नेहमीचंच की वाढत होतं? मी तळातल्या एका खिळ्यावर नजर ठेवली. पाणी खिळ्याला लागलं तर ओरडायचं, असं मनाशी ठरवलं. कोणाला ओरडायचं, ते ठरवलं नव्हतं.

"तुका भय वाटता?" मागून आबांचा आवाज आला.

"नाही."

"मगे तेका इतक्या आवळून कशाक बांधलंस? गाठोडा काय ता?"

"ती हलते खूप."

"हलूचाच. चेडू हलूचाच." त्यांनी सुकाणू जरासं वळवलं. "ता बोलता काय गो? बाबा, दादा, कायतरी?"

"दात येतायत तिला," मी म्हटलं.

माझी उत्तरं ठरलेली होती. दात येतायत. झोपेत आहे. खेळात आहे. सर्दीने कान भरलेत. एकेक उत्तर मी महिनोन्महिने वापरून गुळगुळीत केलं होतं.

"दातान खंय तोंड बंद होता?" आबा म्हणाले.

मी खिळ्याकडे बघितलं. पाणी खिळ्याच्या खालीच होतं.

खाडी जिथे वळण घेऊन रुंद होते, जिथून ना आमचं गाव दिसतं ना बेलधक्का, तिथे आबांनी इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. पाण्याचा चुळुक चुळुक आवाज तेवढा. लाँच आपल्या वेगाने थोडी पुढे गेली आणि मग नुसती तरंगत राहिली.

"काय झालं? डिझेल संपलं?"

"डिझेल आसा."

"मग?"

आबा उठले. "चेडवाक सोड. हय फळयेर बसव. तोंड पुढे कर, पाठ माझ्याकडे."

"कशाला?"

"सांगतंय ता कर."

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज माझाच वाटेना. "आबा, इंजिन सुरू करा. केणीशेठ वाट बघतायत. दिगंबर वाट बघतोय."

"बघांदे वाट."

"तुम्हाला बोट द्यायची नसेल तर देऊ नका. आम्ही कुठेही जाणार नाही. पण हिला मी सोडणार नाही." मी एका हाताने कॅन छातीशी घेतला होता. "गुणाकाकींनी मला सगळं सांगितलंय."

"काय सांगलान गुणान?"

"की तुम्ही बोट बुडवणार."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग कॅनकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला ओळखता येईना, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

"बरा," ते म्हणाले. "तू सोडू नको. धरून बस. फकत तोंड पुढे कर तेचा. आणि तू तेका हात लावून सांगू नको कायेक."

हात लावून सांगू नको.

हे यांना कसं माहीत? शरयूशी बोलण्याआधी मी नेहमी तिच्या खांद्याला हात लावत असे. झोपेतून उठवतानाही आधी हात, मग हाक. कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या सहज.

आबा मागे गेले. मी शरयूचं तोंड पुढे केलं. का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणून. ती बाहेर, पाण्यावर पडलेल्या उन्हाकडे बघत होती.

आणि भोंगा वाजला.

ऐकू येणाऱ्या कुणालाही दचकवणारा तो आवाज. दोन मैलांवरच्या माणसाला 'पळ' सांगायला केलेला. मी फळीवरून उडालेच. हातातला कॅन पाण्यात पडला. उजव्या काठावरच्या कांदळवनातून पांढऱ्या बगळ्यांचा थवाच्या थवा उठला. काठावर कालवं काढणारी एक बाई कंबर सरळ करून आमच्याकडे बघायला लागली.

शरयू उन्हाकडे बघत होती.

आबांनी पुन्हा वाजवला. लांब. छातीचं हाड कंप पावेल इतका लांब.

शरयूने ओढणीचं टोक तोंडातून काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि परत तोंडात घातलं.

मग माझ्या मागे गोणपाट उलगडल्याचा आवाज आला. आमच्या डोक्यावरून काहीतरी सरकलं, समोरच्या फळीवर त्याची सावली हलली, आणि शरयूने झटकन मान वळवली. आबा लाल निशाण धरून उभे होते. त्यांनी ते तीनदा हलवलं, लाँच सोडताना हलवत तसंच. शरयू खदखदून हसली. दोन्ही हात वर करून, सगळं अंग त्या फडक्याकडे झोकून देत ती हसत राहिली.

आबा मटकन खाली बसले. काठी त्यांच्या गुडघ्यांवर आडवी पडली.

माझा कॅन पाण्यावर डोलत डोलत लांब चालला होता.

"तुका कधीपासून ठावक?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पावसाळ्याच्या आधीपासून," मी म्हटलं. "फटाके वाजले होते, पुलाच्या उद्घाटनाला. सगळी पोरं रडली. ही झोपून होती."

"माका ताटापासून."

"तुम्ही मुद्दाम पाडत होता?"

"पयलां पडला. मगे पाडलंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हटला, ताट काय, घरातला. भोंगो मोठो. भोंगो आयकात. उद्या भोंगो केणीचो होतलो, म्हणान आज बघूचा होता. थोडा जरी आयकला असता तरी..." ते थांबले. "दिगूक सांगलंस?"

"नाही."

"कित्याक?"

मी काय सांगणार होते? बोलले की खरं होईल, असं वाटत होतं. दिगंबर हसून उडवून लावेल, त्याचीही भीती होती. आणि उडवून लावणार नाही, त्याची त्याहून जास्त. कोल्हापुरात कानाचे डॉक्टर आहेत, तिथे गेल्यावर गुपचूप दाखवून आणायचं, असं मी ठरवलं होतं. हे सगळं मी बोलले की नाही ते आठवत नाही. रडत मात्र होते.

"माका वाटला तुका कळला नाय," आबा म्हणाले. "शिकलेली पोर, माझ्या तोंडातसून आयकतली तर काय म्हणतली. तसा सांगूचा कसा? म्हणान हय हाडलंय. दिगू असतो तर आधी तोच आरडलो असतो."

"आणि मला वाटलं तुम्ही आम्हाला बुडवायला आणलंत."

"कॅन घेऊन बुडाक इल्लंस?" त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते अर्ध्यातच मोडलं. मग काठीवरचं फडकं त्यांनी बोटांत धरलं. "ह्या देवीचा नाय गो."

"मग?"

"माझी भयण होती. भागी. तुझ्या लग्नाच्या आधीच गेली. तिका आयकाक येय नाय. पलीकडच्या बाजारात मासे विकी. माझी लाँच नयी नयी. संध्याकाळची शेवटची फेरी, मी भोंगो मारून सुटलंय, आणि ती थयच, पाठ करून पाटी धुय होती. रात्रभर बाजारात एकटी रवली. आवशीन माका काय धुतल्यान!" त्यांनी मान हलवली. "दुसऱ्या दिवसापासून ह्या फडक्या. भोंगो लोकांका, फडक्या भागीक. लोक हात जोडूक लागले. आता हात जोडतत तेंका नको कशाक म्हणा?"

"त्या गेल्यावरही हलवत राहिलात?"

"सवय झाली," ते म्हणाले, आणि पाण्याकडे बघत राहिले.

"कशा होत्या त्या?"

"भागी? माझ्यापक्षा हुशार. बोटांनी भाव करी. तिच्याकडे घासाघीस करूक कोण धजय नाय. करतलो काय? ती आयकाच नाय." आता ते खरंच हसले. "लगीन झाला. तीन झील झाले. तिघांकाय बोटांनी गाळी घाली."

मी शरयूची गाठ सोडली. आबांनी हात पुढे केले. या वेळी मी तिला दिली. तिने सरळ फडक्याचं टोक तोंडात घातलं.

"म्हणून बोट दिलीत?" मी विचारलं.

"हय काय आसा? पूल आसा आणि मासे आसत. डॉक्टर थयसर, कोल्हापुरात." त्यांनी तिला माझ्याकडे परत दिलं. "चल. भरती रवाची नाय."

वाटेत त्यांनी लाँच वळवून माझा कॅन पाण्यातून काढून दिला. "तुझा पाणी," म्हणाले.

बेलधक्क्यावर दिगंबर दोन्ही हात हलवत उभा होता. शेजारी केणीशेठ, डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा. आबांनी लाँच अशी लावली की धक्क्याचं टायर दबलंसुद्धा नाही. इंजिन बंद केलं. ते शेवटचं.

"वेळ लावलात!" केणीशेठ म्हणाले. "अरे वा, निशाण काढून ठेवलंत होय? ते पुढेच लावा. मानाचं आहे. काउंटरवर शोभेल."

"ता बोटीचा नाय," आबा म्हणाले. "ता आमच्या घरातला."

"शरू!" दिगंबरने वरून हाक मारली. "ए शरूबाई! बाबाकडे बघ!"

शरयू माझ्या कडेवर होती, तोंड खाडीकडे. ती पाण्यावरची वर्तुळं बघत होती.

"झोपली काय गं?"

तिचे डोळे टक्क उघडे होते. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. हो, झोप आलीय तिला, ऊन लागलंय, दात येतायत. मी तोंड उघडलंही.

आबांनी माझ्याकडे न बघता काठी पुढे केली.

मी ती घेतली. धक्क्यावर चढले आणि दिगंबरपासून चार पावलांवर, शरयूची पाठ त्याच्याकडे राहील अशी उभी राहिले.

"हाक मार तिला," मी म्हटलं.

"हे काय आता? शरू!"

"मोठ्याने."

"शरू!" तो हसत होता.

"अजून मोठ्याने, दिगंबर. ओरड."

तो ओरडला. केणीशेठ दचकून मागे सरले. धक्क्याखालचे खेकडे बिळांत गेले. शरयू माझ्या कानातल्या डुलाशी खेळत होती.

दिगंबरचं हसू गेलं. एकदम नाही, आधी डोळ्यांतून, मग तोंडावरून. त्याने आबांकडे बघितलं. आबा लाँचचा दोर धक्क्याच्या खुंट्याला बांधत होते, आणि सोनू तारींना एक गाठ बांधायला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी काठी त्याच्या हातात दिली.

"आता हे वर कर," मी म्हटलं. "तिला दिसेल असं."

त्याने निशाण वर केलं.